झुनुक्वाचा राग

मित्रांनो, मी एक जुना लाकडी मुखवटा आहे आणि सध्या मी रागात आहे. माझ्यातून बोलते ती झुनुक्वा, रानातली दांडगी बाई. म्हणून मी बाईसारखंच बोलणार. खोल गेलेले डोळे, काळं तोंड, ‘हू हू’ करायला पुढे काढलेले ओठ. रडक्या मुलांना मी पाठीवरच्या टोपलीत टाकते, असं आमच्या खाडीवरच्या आया सांगतात. घराण्यात धन आलं तेही माझ्याच हातून, हेही त्याच सांगतात.

त्या घराण्यातल्या मोझेस आजोबांनी उभ्या देवदाराला आधी विनवलं, मगच त्याच्या अंगातून जाड फळी काढून घेतली. झाड जगलं. त्या फळीतून त्यांनी मला कोरलं, अस्वलाचे केस लावले.

किती हिवाळे नाचले म्हणून सांगू. थोरल्या घरात मधोमध आगटी धडधडत असायची, ओंडक्यावर ठेका धरलेला, आणि मी डुलक्या घेत आत यायची. झोपाळू ना मी, आगटीला उलटीच फेरी घालायची. माणसं हसायची. सेवेकरी मला वळवून जागेवर बसवायचे आणि मी बसल्या बसल्या घोरायची. त्या हसण्यात केवढा भाव होता! मग घराणं पाहुण्यांना भेटी द्यायचं. भेट घेतली की पाहुणा साक्षीदार झाला: हा मुखवटा, हे नाव, ही खाडी या घराण्याची, खरंच यांची. नंतर मला कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचे. नाच नसताना माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही, अशी रीत.

आणि या उन्हाळ्यात, माझी पेटी सांभाळणारी ऑड्री मावशी धुराच्या खोपट्यात मासे सुकायला टांगत असताना, तिचा भाचा अल्विन मला पेटीतून उचलून घेऊन गेला. तो लाकूडतोड कंपनीत नोकरीला. कंपनीला खाडीवरचे देवदार पाडायचे होते, मला जन्म देणारं झाडही त्यांतच. ती झाडं न्यायला केलेल्या रस्त्याच्या उद्घाटनाला कंपनीच्या साहेबांना ‘काहीतरी पारंपरिक’ हवं होतं.

भर उन्हात, ट्रकपुढे अल्विननं मला तोंडावर चढवलं. टक्क जागा राहून, साहेबांनी हात केला त्या बाजूनं तो सरळ चालत गेला. माझ्या अंगाची लाही लाही झाली, मित्रांनो. झोपेतसुद्धा मी कधी कुणाच्या हुकमानं चालले नव्हते. नाच संपला तसं कंपनीनं गावकऱ्यांना टोप्या वाटल्या. सगळ्यांनी हसत हसत डोक्यावर चढवल्या.

तेवढ्यात मावशी आली. एप्रनला खवले तसेच.

“अल्विन, काढ ते तोंडावरून.”

“मावशी, चारचौघांत नको ना.”

“मग घातलंस ते काय न्हाणीघरात?”

“अगं, नुसता नाच केला.”

“नाच केलास, आणि यांनी टोप्यांची भेट घेतली. खाडी कंपनीची, असं साक्षीदार होऊन सांगून बसलात सगळे.”

म्हातारा हर्बर्ट पुटपुटला, “टोपी बरी आहे गं पण.”

“लागू दे टकलाला ऊन, हर्बर्टदादा. ठेव ती ट्रकवर.”

हर्बर्टनं ठेवली. मग एकेक जण उठून आपली टोपी ट्रकवर ठेवू लागला.

“अहो, भेट आहे, राहू द्या,” साहेब म्हणाले.

“भेट आहे म्हणूनच नको,” मावशी म्हणाली.

अल्विननं मला उतरवलं. त्याला मावशीकडे बघवेना. “ही लाज धुवायला गावाला जेवण मी घालतो,” एवढंच तो बोलला.

तो घालेल, आणि मावशी त्याला पोटाशीही धरेल. तिचं मन मोठं आहे. माझं लाकडाचं. कंपनीचे ट्रक अजून रस्त्यावर उभे आहेत, तोवर माझा राग निवायचा नाही. मला पुसून, रंगवून भिंतीवर जपू नका, मित्रांनो. एवढंच करा: कुणी हसतमुखानं हातावर काही ठेवलं, तर मूठ मिटण्याआधी विचारा, आपण कशाला ‘हो’ म्हणतोय?