काच फुटली आता काय करू

ताईच्या नवऱ्याने ताईच्या दादाला पहिल्यांदा मारलं ते लाकडी मोजपट्टीने. मोजपट्टी मोडली. काचकामात मोजपट्टी मोडणं हा काही अपशकुन नसतो, नुसता खर्च असतो. पण त्या दिवशी दुकानही मोडलं. ताईच्या वडिलांच्या एका दुकानाची दोन झाली. रस्त्याच्या या टोकाला नवरा, त्या टोकाला दादा. मधोमध एक बुटांचं दुकान होतं, ज्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. पुढे आला.

काच कापायला तिघेही वडिलांच्याच टेबलावर शिकले होते. पण गिऱ्हाईक शोधायचं डोकं एकट्या ताईला होतं. मागच्या खोलीत, काच बसवायच्या लांबीच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून ती एकाच प्रश्नाच्या मागे लागायची: काच फुटल्यावर माणूस फोनमध्ये नेमकं काय टाइप करतो?

"दर्जेदार काचकाम," नवरा म्हणाला.

"अहो, ज्याच्या दिवाणखान्यात आत्ता दगड येऊन पडलाय, तो दर्जेदार म्हणेल? तो शिव्या देईल."

तिने शिव्याही तपासल्या. शोधणारे उदंड होते, पण त्यातल्या कोणाला काच बसवायची नव्हती.

नुसता 'काच' हा शब्द महाग आणि निकामी निघाला. त्यावर आपली जाहिरात दिसावी म्हणून चष्मेवाले बोली लावत, आरसेवाले लावत, आणि शोधणाऱ्यांत निम्मे लोक असे की ज्यांनी चुकून काच गिळली होती. 'काच कशी पुसावी' विचारणारा माणूस तर धंद्याचा उघड वैरी. त्याची काच शाबूत असते. असे शब्द ताईने अडवून ठेवले, म्हणजे त्या लोकांसमोर जाहिरात फिरकायलाच नको. आणि उरलेल्या गाळातून एक दिवस हिरा वर आला: 'काच फुटली आता काय करू'. शोधणारे थोडे, बोली लावणारं कोणी नाही, आणि शोधणारा प्रत्येक जण वाऱ्यात उभा. हा शब्द तिने नवऱ्याला दिला. मग सख्ख्या भावाला वाऱ्यावर कसं सोडायचं, म्हणून गुपचूप दादालाही दिला. एकाच पानावर दोघे, वर-खाली. वडील गेल्यापासून ते इतके जवळ कधी आले नव्हते.

दोघांना तिने एकच नियम सांगितला होता: स्वतःची जाहिरात स्वतः शोधायची नाही. शोधून दाबलीत तर पैसे आपलेच जातात. आणि शोधून दाबली नाहीत, तर शोधयंत्राला वाटतं या माणसाला हिच्यात रस नाही, आणि ते ती त्याला दाखवायचं बंद करतं. वर जाहिरातीची पत घसरते ती वेगळीच.

"बायकोसारखं आहे," तिने नवऱ्याला समजावलं. "रोज नुसतं बघायचं आणि बोलायचं काहीच नाही, तर एक दिवस ती दिसेनाशी होते."

नवऱ्याने मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी. जेवताना, संडासात, गिऱ्हाइकाच्या शिडीवर उभं राहून त्याचा उजवा अंगठा फोनवर चालूच. नाव बघायचं, सुखावायचं, बंद करायचं. आणि एका सकाळी नाव गायब. त्या जागी एकटा मेव्हणा.

"खाल्लं मला!" नवरा गरजला आणि कोपऱ्यातली पहार उचलून निघाला.

ताईने धावतच दादाला फोन लावला. "दादा, शटर पाड आणि आत बस. हे येतायत."

"येऊ दे. मीही निघालोय," दादा धापा टाकत म्हणाला. "तुझ्या नवऱ्याने मला यंत्रातून उडवलंय. सकाळपासून शोधतोय, याचंच थोबाड दिसतंय."

"तूसुद्धा शोधतोस?"

"बघायला नको? आपलंच नाव आहे. बरं ठेव आता, हातोडा पेलत नाही एका हाताने."

दोघांची गाठ बरोबर बुटांच्या दुकानासमोर पडली.

"यंत्रात माणूस घुसवलास ना, मेव्हण्या?"

"तोंड सांभाळा, भाऊजी. दातांचं मी बघतो."

आणि बघितलंच. पहिल्या घावात नवऱ्याचे पुढचे दोन दात गटारात गेले. नवऱ्याची पहार दादाच्या बरगड्यांत बसली. ओला वासा मोडावा तसा आवाज आला. हातोडा सुटला, पहार सुटली, मग नखं, कोपर, दात. एका कोपराने दादाचं नाक सपाट केलं. नवऱ्याने दादाचा कान चावला आणि त्यातला थोडा परत दिला नाही. ताई मधे पडली तर तिचं कोणी ऐकेना. शेवटी दोघे मिठी मारल्यासारखे फिरले आणि दर्शनी काचेतून थेट बुटांवर जाऊन कोसळले.

बूटवाला बाहेर आला. आपली काच बघितली, फोन काढला आणि पुटपुटत टाइप करू लागला, "काच... फुटली... आता... काय करू..."

ताईच्या अंगावर काटा आला. एवढ्या रक्तातही तिला वाटलं, शब्द अचूक होता.

तिने फोन हिसकावून दोघांच्या नाकासमोर धरला. दादाच्या बाबतीत, जिथे नाक होतं तिथे. "बघा! दोघंही आहात! कोणी कोणाला उडवलेलं नाही. तुम्ही स्वतःलाच शोधून शोधून घालवलंत!"

दोघे थांबले. नवऱ्याच्या हनुवटीवरून रक्ताचा थेंब स्क्रीनवर पडला.

"पुसू नका," ताई म्हणाली. "उगाच क्लिक होईल."

नवऱ्याने डोळे बारीक करून पान वाचलं. "म्हणजे... मी वर आहे."

"म्हणजे इतका वेळ मी याला विनाकारण मारत होतो," दादा शांतपणे म्हणाला. "आता कारण मिळालं."

त्याने फुटक्या काचेची लांब फाक उचलली आणि नवऱ्याच्या गळ्यावर घातली. कॉलर फाटली, खालचं कातडं फाटलं. नवऱ्याने त्याला आडवा पाडला, छातीवर बसला, डाव्या हाताने गळा आवळला आणि उजव्या हाताने त्याचा काचेचा उजवा हात फरशीवर दाबून धरला. दादाचे ओठ निळे पडू लागले. काचेचं टोक इंच-इंच वर येत होतं.

ताईने फोन खाली टाकून पहार उचलली. मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. किंमत काढली. मान: महाग, परत मिळत नाही. डोकं: दोघांचंही फारसं वापरात नाही, पण पोलीस विचारतात. गुडघा: हातात येत नव्हता. अंगठा: भरून येतो, तोवर निरुपयोगी, आणि दोन उजवे अंगठे या क्षणी फरशीवर शेजारी होते, जाहिरातींसारखे, एक वर, एक खाली.

एका घावात काम झालं.

दोघे किंचाळत सुटे झाले. बूटवाल्याने तेवढ्यात फोन उचलून, रक्त पुसून, वरचं नाव दाबलं होतं. नवऱ्याच्या खिशात घंटी वाजली. त्याने सवयीने फोन काढला आणि उचलायला अंगठा टेकवला. त्यानंतरचं ओरडणं आधीच्यापेक्षा मोठं होतं. फोन ताईने घेतला.

"हॅलो," बूटवाला तिच्या शेजारून म्हणाला. "काच फुटलीय."

"आलेच," ताई म्हणाली, आणि टेप काढून माप घेऊ लागली.

दोघांचे अंगठे प्लास्टरमध्ये गेले. दोन्ही दुकानांची काच ताईच कापू लागली. आणि स्वतःला शोधणारं कोणी न उरल्यामुळे दोन्ही जाहिराती अशा काही चढल्या की चष्मेवाल्यांनी चौकशी केली.

हाडं जुळल्यावर डॉक्टरांनी प्लास्टर कापायची करवत हातात घेतली. समोर नवरा आणि दादा, शेजारी शेजारी, अंगठे वर करून बसलेले.

"थोडं राहू द्या ना, डॉक्टर," ताई म्हणाली. "या महिन्याचे आकडे फार छान चाललेत."