दादाचे कान

"आवाज आला की बोट वर करायचं. बारीक आला तरी," असं सांगून ताईंनी थोरल्या भावाच्या कानांवर हेडफोन बसवले.

"माहीत आहे गं. उरक लवकर," दादा म्हणाला. शाळेची बस चालवायचा त्याचा परवाना या तपासणीवर अडला होता. या दवाखान्यात कान तपासायचं काम बहिणीकडेच होतं, त्यामुळे तो निर्धास्त होता.

काचेच्या खोलीचं दार लावून ताई बाहेर यंत्रापाशी बसल्या. दादाचं बोट वेळच्या वेळी वर जात होतं. घरी हाका मारमारून घसा बसला तरी मान न वळवणारा माणूस! ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बटण दाबताना त्यांचा खांदा किंचित हलायचा आणि दादाची नजर तिथून ढळत नव्हती. त्यांनी बटण न दाबताच खांदा हलवला. बोट वर गेलं.

वडील गेल्यावर याच माणसाने शाळा सोडून गाडी हाती घेतली होती, म्हणून ताई शिकल्या.

त्यांनी उठून दार उघडलं. "दादा, खुर्ची भिंतीकडे फिरव."

तो बघतच राहिला. "अगं, मी आहे."

"पोरं असतात रे गाडीत."

त्याने खुर्ची फिरवली. ताई आवाज वाढवत गेल्या, बोट मांडीवर पडून राहिलं. एकदा अंदाजाने वर गेलं, तेव्हा काहीच वाजत नव्हतं. ताईंनी पुन्हा तपासलं. चूक यंत्राची निघावी म्हणून देव पाण्यात घातले. निघाली नाही.

अहवाल गेल्यावर शाळेने दादाला गाडीवरून उतरवून फाटकावर राखणीला बसवलं. डॉक्टरांनी चोख कामाबद्दल शाबासकी दिली, ती ताईंना शिवीसारखी लागली. वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "घरच्यांनीच केसाने गळा कापला, तर बाहेरच्यांना काय बोलायचं?"

पुढे दादाने कानाची यंत्रं घेतली, ताईंना न विचारता, दुसरीकडून. बऱ्याच महिन्यांनी ताई घरी गेल्या तेव्हा तो वहिनींशी हळू आवाजात गप्पा मारत बसला होता. ताईंना पाहून "ये" म्हणाला. खुर्ची पुढे केली, वहिनींना चहा टाकायला सांगितला. मग दोन्ही कानांतली यंत्रं काढून शांतपणे टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

ताई चहा संपेपर्यंत बोलत होत्या.