टाचेएवढा खळगा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, पण मला पाहून तुम्हांला ते खरे वाटणार नाही. माझा हिरवा रंग पाइनच्या सावलीसारखा गर्द आहे, क्रोमच्या पट्ट्यांत आभाळ दिसते, आणि चाकांच्या नटांवरसुद्धा गंजाचा ठिपका सापडत नाही. साऱ्या अंगावर एकच ओरखडा आहे. तो उजव्या दाराखाली आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. बाकीचे नवेपण मला दिले गेले. तो ओरखडा मात्र मी स्वतः मिळवला आहे.

माझा जन्म मिशिगनमधला, साठीचे दशक सरत आले होते तेव्हाचा. त्या काळी तिथल्या कारखान्यांना ताकदीचे वेड लागले होते. दोन दारांच्या अंगात ट्रकला पुरून उरेल असे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे आणि ती गाडी विशीतल्या पोरांच्या हाती द्यायची, अशी रीत होती. कारखान्यातल्या जोडणीच्या पट्ट्यावरून सरकताना माझ्यावरून कितीतरी हात फिरले. त्यांतला एक मला आठवतो. अंगठ्याचे नख अर्धेच असलेल्या एका कामगाराने इंजिनामागच्या पत्र्यावर खडूने एक डावीकडे कललेली रेघ ओढली आणि तिच्याभोवती अर्धवट वर्तुळ काढले. तपासले, ठीक आहे, एवढाच तिचा अर्थ. त्याने माझ्याकडे नीट पाहिलेही नसेल. माझ्यामागून दुसरी गाडी येतच होती.

मला घेतले चेस्टर नोवाकने. सारे त्याला चेट म्हणत. तो इंजिनांचे लोखंडी ठोकळे ओतणाऱ्या फाउंड्रीत कामाला होता. कितीही घासले तरी त्याच्या मानेवरची काजळीची रेघ जात नसे. माझे बॉनेट उघडून तो मित्रांना म्हणे, "हिचं काळीज आम्ही ओतलंय. हात लावून बघा, अजून कोमट लागेल."

मला आणले त्याच रविवारी त्याने लोरेनला ह्युरॉन सरोवराकाठच्या दीपस्तंभापर्यंत फिरायला नेले. लोरेन बेकरीत केकवर नावे लिहीत असे. तिने पायांत लाकडी टाचांच्या पांढऱ्या चपला घातल्या होत्या आणि मांडीवर चेरींची पिशवी होती. एकेक चेरी खाऊन ती बी खिडकीबाहेर फुंके. बीटच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर तिने दोन्ही पाय उचलून डॅशबोर्डवर ठेवले.

"पाय खाली घे," चेट म्हणाला. "नवी गाडी आहे."

"गाडी नवी आहे, पाय जुने आहेत. दुखतात."

तेवढ्यात समोर हरीण आले. चेटने करकचून ब्रेक दाबला आणि उन्हाने मऊ पडलेल्या डॅशबोर्डमध्ये तिची टाच रुतली. हरीण निघून गेले. डॅशबोर्डवर उरला एक अर्धचंद्राकार खळगा. चेट दीपस्तंभ येईपर्यंत पुन्हा पुन्हा त्या खळग्याकडे पाहत राहिला. पण पुढे त्याला एक सवय लागली. लाल दिव्याशी थांबलो की त्याचा अंगठा आपोआप त्या खळग्यात जाऊन बसे.

त्यानंतरची वर्षे माझी होती. शुक्रवारी संध्याकाळी गावाच्या मुख्य रस्त्यावर आम्ही साऱ्या गाड्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत असू. दिवा हिरवा होताच माझ्या आरोळीने दुकानांच्या काचा थरथरत. पहिल्या बर्फानंतर, तो वितळवण्यासाठी टाकतात ते मीठ रस्त्यांवर पडायच्या आत चेट मला शेडमध्ये ठेवी, कारण मीठ आमचे पत्रे खाते. वसंतात पावसाने रस्ते धुतले की पुन्हा बाहेर काढी. मला वाटे, दरवर्षी मला मरण येते आणि दरवर्षी कुणीतरी किल्ली फिरवते. एवढ्यावर मी समाधानी होते.

मग एका उन्हाळ्यात सरोवराच्या रस्त्यावरच माझा कार्बोरेटर भडकला. चेटने अंगातला शर्ट काढून आग विझवली, पण कार्बोरेटर तडकला होता. मला टोचन करून घरी, शेडमध्ये आणले. तेव्हा चेट आणि लोरेनची मुलगी जनीन पाळण्यात होती, पेट्रोल महागले होते, आणि लोक छोट्या गाड्या घेऊ लागले होते. "हा हिवाळा जाऊ दे, मग बघतो," चेट म्हणाला आणि त्याने माझ्यावर जाड प्लॅस्टिकची ताडपत्री घालून ती दोरीने घट्ट आवळली.

मित्रांनो, त्याचे माझ्यावर प्रेम होते म्हणूनच त्याने ती आवळली. पण जमिनीतला ओलावा वर येई, ताडपत्रीच्या आतल्या अंगाला थेंब धरत आणि माझ्यावर गळत. मिठापासून वाचवलेल्या माझ्या अंगाला त्याच्या काळजीनेच गंज लागला.

"जरा उघडी ठेव," लोरेन म्हणे. "तिलाही वारा लागू दे."

"धूळ बसेल."

"धूळ पुसता येते, चेट."

तो हसून विषय बदली. हिवाळ्यामागून हिवाळे गेले. जनीन मोठी झाली, लग्न करून ओहायोला गेली. कुठून कुठून माझा सुगावा लागलेली माणसे अंगणातून शेडपर्यंत येत आणि ताडपत्रीचे टोक उचलून आत डोकावत. चेट दारातूनच सांगे, "विकायची नाही. नीट करणार आहे."

"कधी करणार?" एकाने विचारले होते.

"घाई तुला आहे. तिला नाही."

मला घाई होती. पण माझी आरोळी तडकलेल्या कार्बोरेटरमागे अडकली होती.

चेट निवृत्त झाला आणि अखेर ताडपत्री सुटली. त्याला मला बघवेना. थोडा वेळ तो शेडबाहेर जाऊन उभा राहिला. मग आत आला आणि कामाला लागला. त्याचा फाउंड्रीतला सोबती ऑर्व्हिल रोज मदतीला येई. त्यांनी इंजिन उतरवले, पिस्टन बदलले, ब्रेक नवे केले, सडलेले पत्रे कापून नवे जोडले. शेडच्या दाराशी घडीची खुर्ची टाकून लोरेन त्यांची भांडणे ऐकत बसे. तिचे हृदय थकले होते. डॉक्टरांनी तिला जिने चढायची बंदी केली होती. तिने एकच मागणे मागितले होते: एकदा या गाडीतून दीपस्तंभापर्यंत.

चेटने शब्द दिला होता. पण त्याच्या मनात एक खूळ शिरले होते, जे या गाड्या जपणाऱ्या सगळ्यांच्याच मनात कधी ना कधी शिरते. प्रत्येक सुटा भाग कारखान्यातून आला तसाच हवा. त्यावर कोरलेला क्रमांक जुळायला हवा आणि बनवल्याचा महिनासुद्धा. माझ्या जातीचा कार्बोरेटर मिळत होता, पण तो माझ्या जन्मानंतर ओतलेला. चेटला जन्माआधीचा हवा होता. त्यासाठी तो इंडियानापर्यंतच्या जुन्या सामानाच्या बाजारांत चिखल तुडवत फिरे.

"माझ्या ट्रकचा काढून ठेवलेला आहे," ऑर्व्हिल म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाडी सुरू करून देतो."

"तो हिचा नाही. महिना जुळत नाही."

"चेट, गाडीला महिना कळत नाही. पेट्रोल कळतं."

"मला कळतो ना."

ऑगस्टमधल्या एका सकाळी चेट असाच बाजारात गेला असता ऑर्व्हिलने तो ट्रकचा कार्बोरेटर आणून माझ्यावर चढवला. लोरेन खुर्ची पुढे सरकवून पाहत होती. "तो ओरडेल तुला," ती म्हणाली.

"लग्नात त्याची अंगठी हरवली तेव्हाही ओरडला होता. त्याच्याच बुटात निघाली."

ऑर्व्हिलने किल्ली फिरवली. आधी खोकला आला, मग काळा धूर, आणि मग, मित्रांनो, मी बोलले. शेडच्या छपरावरची कबुतरे उडाली. लोरेनने कानांवर हात ठेवले नाहीत. ती उठली, दाराला धरत धरत आली, उजव्या बाजूला, चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागी बसली, आणि चपला काढून तिने सुजलेले पाय हळूच डॅशबोर्डवर ठेवले. टाच अजून त्या खळग्यात बसत होती.

चेट परतला तेव्हा मी अंगणात उन्हात उभी होते. अंगावर रंग नव्हता, पुट्टी भरलेल्या जागा पांढऱ्या दिसत होत्या, पण मी चालत होते. रस्ता समोर होता. त्याच्या हातात बाजारातून आणलेले कार्बोरेटरचे एक झाकण होते. फक्त झाकण, पण महिना बरोबर असलेले.

"चल," लोरेन म्हणाली. "बस इकडे."

तो जवळ आला, खिडकीत वाकला. त्याचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिले. "अशी नको," तो म्हणाला. "पांढरे डाग पडलेत सगळीकडे. तुला पहिल्या दिवशी नेलं तेव्हा होती ना, अगदी तशी करतो आणि मग नेतो. तोच रंग, तीच गाडी."

"मी तरी कुठे तशी राहिलेय?"

"पुढचा उन्हाळा, लोरेन. थोडंच उरलंय."

त्याने आत हात घालून किल्ली फिरवली. मी बंद पडले.  लोरेनने पाय खाली घेतले आणि चपला शोधल्या. ऑर्व्हिल दुसरीकडे पाहत पान्हे पुसू लागला.

पानगळीत काम आतल्या भागाकडे वळले. डॅशबोर्ड वयाने तडकला होता. चेटने तसाच नवा मागवला.

"तो खळगा राहू दे," घोंगडी पांघरून बसलेली लोरेन म्हणाली. "तो माझा आहे."

"प्रदर्शनातले परीक्षक गुण कापतात गं त्याचे."

"मग माझेही काप."

तिघेही हसले. दुसऱ्या दिवशी जुना डॅशबोर्ड रस्त्याकडेच्या कचऱ्यात ठेवला गेला आणि कचऱ्याची गाडी येऊन तो घेऊन गेली. त्याच आठवड्यात चेटने आणखी एक काम केले. माझा जुना रंग उतरवण्याआधी त्याला इंजिनामागच्या पत्र्यावर खडूची ती जुनी खूण दिसली होती आणि त्याने तिचा फोटो काढून ठेवला होता. आता त्या पत्र्याला दिलेल्या नव्या रंगावर त्याने ती पुन्हा काढली. तीच कललेली रेघ, तेच अर्धवट वर्तुळ. हात थरथरू नये म्हणून तो श्वास रोखून धरी. मनासारखी येईपर्यंत तो ती पुसून पुन्हा पुन्हा काढत राहिला. माझ्याकडे न पाहता पुढे गेलेल्या एका अनोळखी हाताची खूण अशी परत आली. जी खूण रोज माझ्यासोबत होती, ती मात्र कचऱ्यात गेली.

फेब्रुवारीत, रस्ते मिठाने पांढरे झालेले असताना, लोरेन गेली. शेजाऱ्यांनी आणलेल्या हॅमच्या आणि बटाट्याच्या थाळ्या शेडमधल्या फ्रीजमध्ये ठेवायला चेट आला, तेव्हा कोपऱ्यात ती खुर्ची मिटून उभी होती. त्याने थाळ्या जमिनीवरच ठेवल्या आणि तो बराच वेळ माझ्या उजव्या दाराच्या मुठीला धरून उभा राहिला. दार त्याने उघडले नाही.

वसंतात त्याला तो कार्बोरेटर मिळाला. क्रमांक जुळला, महिना जुळला. जूनमध्ये माझ्या बाहेरच्या अंगावर पहिल्या दिवसाचा रंग चढला. जुलैत मला ट्रेलरवर घालून, चाकांना रस्ता लागू न देता, मोठ्या प्रदर्शनाला नेण्यात आले. तिथे मला गालिच्यावर उभे करून भोवती दोर बांधला. परीक्षक गुडघे टेकून आरशाने माझे पोट पाहत होता. खडूच्या खुणेशी तो थांबला आणि त्याने मान डोलावली.

"मिस्टर नोवाक, मी पुष्कळ गाड्या पाहिल्या," तो शेवटी म्हणाला. "हिच्यात काही म्हणजे काही कमी नाही."

 चेट खिडकीतून वाकून डॅशबोर्डवर अंगठा फिरवत होता. इकडून तिकडे, पुन्हा इकडे. सारे गुळगुळीत होते.

"बोटांचे ठसे उमटतील, सर," परीक्षक हळूच म्हणाला.

परतताना ऑर्व्हिलच्या ट्रकमध्ये चेटने बक्षिसाचा चषक पायाशी ठेवला होता. सरोवराचा फाटा आला तसा तो ऑर्व्हिलला म्हणाला, "थांबव. उतरव तिला."

"इथून पुढे खडी टाकलीय रस्त्यावर."

"दिसतंय मला."

 फळ्या लावून ऑर्व्हिलने मला खाली घेतले आणि तो ट्रकजवळच थांबला. फाट्यावरच्या टपरीतून चेटने चेरींची पिशवी घेतली. मग वळसा घालून उजवीकडे आला, दार उघडले, पिशवी आसनावर ठेवली आणि दार अलगद लावले. बीटच्या शेतांमधला तो सरळ रस्ता तसाच होता. तिथेच एक खडा उडून माझ्या उजव्या दाराखाली बसला. टणकन आवाज आला. चेटला तो ऐकू आला, पण त्याने वेग कमी केला नाही. दीपस्तंभापाशी त्याने मला बंद केले आणि पिशवी तशीच राहू देऊन तो पाण्याकडे पाहत बसला.

घरी आल्यावर ऑर्व्हिल ओरखड्यावर लावायला हिरव्या रंगाची बाटली घेऊन आला. "राहू दे," चेट म्हणाला. "तेवढा राहू दे."

आता माझ्यावर ताडपत्री नसते. शेडचे दार उघडे असते, धूळ बसते, कबुतरेही येतात. रविवारी चेट मला बाहेर काढतो. लाल दिव्याशी थांबलो की त्याचा अंगठा जुन्या सवयीने डॅशबोर्डवर जातो, थोडा घुटमळतो आणि परत येतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या तरी हातापायांची खूण वागवणारी एखादी वस्तू असेल. तिला झाकून ठेवू नका आणि तिच्या नवेपणाची वाट पाहू नका. ती आज चालत असेल, तर आजच घेऊन निघा. आणि शेजारी कुणी आधीच पाय वर ठेवून बसले असेल, तर तेवढी किल्ली बंद करू नका.