पुसता न येणारी साक्ष

"थांबा बाबा, असं होत नाही." देवयानीने कणकेने भरलेला हात वर केला.

मुरलीधरबुवांच्या चिपळ्या थांबल्या. ओट्याशी उभे राहून ते रविवारच्या कीर्तनाचं आख्यान घोळवत होते, आणि ते नेमकं रंगात आलं होतं. अमेरिकेतली एक गरीब म्हातारी विधवा. तिचा नवरा गिरणीच्या यंत्रात सापडून गेला. मालक म्हणतो, चूक त्याचीच, पाहणारं कोणी नव्हतं. ती खालच्या कोर्टात हरते, मधल्या कोर्टात हरते. शेवटी सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीशांसमोर दार उघडतं, रात्रीचा पहारेकरी आत येतो आणि म्हणतो, "मी पाहिलंय!" तो पहारेकरी म्हणजे साक्षात परमेश्वर.

"काय होत नाही गो?"

"अपिलात नवा साक्षीदार येत नाही. देव असला तरी."

बुवा खुर्चीत टेकले. ते राजापूरहून लेकीकडे डब्लिनला आले होते. निघताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्वरयंत्र थकलंय, यापुढे कीर्तन नको. बुवांनी हात जोडून एकच मागून घेतलं होतं, तेही लेकीच्या गावी. डब्लिनपासून तासाभरावरच्या मलिंगार गावातल्या मराठी मंडळींनी त्यासाठी चर्चचा हॉल धरला होता. हे शेवटचं कीर्तन देवयानीच्या कामावर करायचं, हा बुवांचा हट्ट. ती डब्लिनच्या चेरीवूड भागात एका अमेरिकन वकिली कंपनीत अपिलांची कागदपत्रं जुळवायची. गावात कोणी विचारलं तर बुवा इतकी वर्षं "कोर्टाचं काहीतरी" एवढंच सांगत आले होते.

"मग माझा देव येणार कुठून?"

"खालून. म्हणजे बघा, म्हातारी एका राज्यातली, मालक दुसऱ्या राज्यातला, दावा मोठा. म्हणून खटला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, डिस्ट्रिक्ट कोर्टात. साक्षीदार, ज्युरी, उलटतपासणी, सगळं तिथेच. वर तीन न्यायाधीश बसतात, ते फक्त खाली काय घडलं ते वाचतात."

"आणि ते नऊ जण?"

"ते हजारोंतले थोडेच खटले ऐकायला घेतात. बाकीच्यांना नकार."

"त्यापेक्षा आमचा बरा," बुवा हसले. "तो सगळ्यांचं ऐकतो."

देवयानीची लेक तन्वी पेटी पुसत बसली होती. ती म्हणाली, "वेट, आजोबा. सो युअर मॅन, द वॉचमन, ही इज गॉड?"

"माझा एकट्याचा नव्हे गो, सगळ्यांचाच." इथल्या आयरिश बोलीत 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो माणूस', हे बुवांना कुठे ठाऊक.

बुवा चिपळ्यांच्या घुंगरांशी चाळा करू लागले. मग त्यांनी विचारलं, "समज, देवाने खालीच साक्ष दिली. न्यायाधीश म्हणाला, या माणसाला ना गाव ना पत्ता, ज्युरीने हे मनावर घेऊ नये. मग ते शब्द पुसतात?"

"नाही. बोललेलं सगळं टाइप होतं. मनावर घेऊ नका म्हटलं, तरी कागदावर राहतं."

"आणि तो कागद वर कोण पोचवतं?"

देवयानी पुन्हा कणीक तिंबू लागली. "आमच्यासारखे कोणीतरी," ती म्हणाली.

रविवारी हॉल भरला होता. पूर्वरंग संपला, बुवांना बुक्का लावून हार घातला गेला, आणि आख्यान सुरू झालं. पहारेकरी या वेळी खालच्याच कोर्टात आला. मालकाचा वकील त्याला हसला. बुवांनी उपरणं सावरलं, एक पाऊल पुढे टाकलं आणि वरचा स्वर धरला, "मी पाहिलं..."

स्वर फाटला. कापड टरकावं तसा.

पेटीवर तन्वीची बोटं थबकली. देवयानी पहिल्या रांगेत अर्धवट उठली. बुवांनी तिला डोळ्यांनीच खाली बसवलं आणि चिपळ्या चालू ठेवल्या. दोन आवर्तनं नुसता ताल. मग मागून कोणीतरी ध्रुपद उचललं, आणि बघता बघता सगळा हॉल गाऊ लागला.

पुढचं बुवा गायलेच नाहीत, हलक्या आवाजात बोलत राहिले. "न्यायाधीश म्हणाला, हे विसरा. ज्युरी विसरली. म्हातारी हरली. पण मंडळी, शब्द कागदावर राहिला! दूर एका समुद्राकाठी कोणाची तरी लेक बसलेली असते. पानाला पान जुळवते. पदरचं एक अक्षर घालत नाही, आहे त्यातलं एक काढत नाही. तिच्या हातून ते पान वर गेलं. तिघांनी वाचलं आणि म्हणाले, या पहारेकऱ्याचं ऐकायलाच हवं होतं, खटला पुन्हा चालवा! देव वर बसलेला नसतो हो. तो खालीच येऊन बोलून जातो. आपण फक्त त्याचं बोलणं सांडू द्यायचं नाही."

देवयानी पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

आरती झाली. घरी परतताना देवयानी मोटार चालवत होती, बुवा शेजारी बसले होते, गळ्याला मफलर. मागून तन्वी कीर्तन रेकॉर्ड केलेला फोन पुढे करून म्हणाली, "आजोबा, इट वॉज ग्रँड. तो एकच बिट... आय कॅन कट इट, नोबडी विल नो."

बुवांना बोलायला त्रास होत होता. "नको," ते कुजबुजले. "झालं तसंच राहू दे. विचार तुझ्या आईला."

तन्वीने मोटारीच्या स्पीकरवर कीर्तन लावलं. दोन्ही बाजूंना ओली कुरणं मागे पडत होती. पहारेकरी आत आला, वकील हसला. बुवांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली.

तो स्वर जवळ आला, तसा देवयानीने हात पुढे करून आवाज थोडा वाढवला.