न हलता झोपायचं काम

"हे झोपलेत की गेलेत?" हॉस्पिटलचे नवे मोठे साहेब सामानखोलीच्या दारातूनच विचारते झाले.

"टेंडर बघतायत, साहेब," स्टोअरकीपर म्हणाला.

आत नमुन्याच्या गादीवर खरेदी खात्याचे गादीमास्तर उताणे पडले होते. बूट काढलेले, हात दोन्ही बाजूंना, डोळे टक्क उघडे. नाकावर माशी बसली होती, तीही त्यांनी बसू दिली. साहेबांना पाहूनसुद्धा ते उठले नाहीत. ओठ तेवढे हलले, "माफ करा साहेब, आता उठलो तर सकाळपासूनची मेहनत पाण्यात जाईल."

साहेब पोट धरून हसले आणि दार ओढून घेत निघून गेले. माणूस बरा होता.

गाद्यांतला जाणकार व्हायचं असं ठरवून कुणी नोकरीला लागत नाही. मास्तरही लागले नव्हते. सुरुवातीला ते सगळंच घ्यायचे. फिनेल, बल्ब, खिळे, पडद्यांचं कापड. गादी म्हणजे त्यांच्या लेखी जाडी, कव्हर आणि भाव, बस्स. एकदा अशाच नव्या गाद्या आल्या, आणि काही दिवसांनी मोठ्या सिस्टर त्यांना जवळजवळ ओढतच वॉर्डात घेऊन गेल्या. एका आजोबांना कुशीवर वळवून त्यांनी पाठ दाखवली. माकडहाडापाशी कातडी सोलवटून जखम झाली होती. मास्तरांनी वाकून पाहिलं.

"अहो, मी स्वतः झोपून बघितली होती गादी!"

"कूस बदललीत?"

"बदलली असेल. ते कोण लक्षात ठेवतं?"

"यांना बदलता येत नाही. आणि रात्री वॉर्डात वळवायला आम्ही दोघीच असतो," सिस्टर म्हणाल्या आणि मलम लावू लागल्या.

त्या दिवसापासून मास्तर गादीवर पडले की हलेनासे झाले. आधी टाचा कुरकुरतात, मग माकडहाड, मग खांदे, हे त्यांना पडल्या पडल्या कळत गेलं. कुठला फोम लवकर बसतो, कुठलं कव्हर घामाने चिकटतं, शिवण कुठे आली की रुतते, सगळं त्यांच्या अंगात मुरलं. कारखान्यात जाऊन त्यांनी फोम कापताना पाहिला, विक्रेत्यांची डोकी खाल्ली. बायको मात्र कावली होती. "अहो, पाहुण्यांच्या घरी तरी गाद्या दाबू नका. लोकांना वाटेल, पैसे शोधतायत!" पण मास्तरांना हे काम मनापासून आवडायचं, आणि आपल्याला काहीतरी नीट येतं याचं त्यांना फार सुख होतं.

मग ताई जिन्यावरून पडली. आई गेल्यावर जिने त्यांना लहानाचं मोठं केलं, ती कमरेखाली लुळी होऊन त्यांच्याच हॉस्पिटलात आली आणि त्यांनीच निवडलेल्या गादीवर झोपली. ते स्वतः कितीही न हलता पडले तरी कंटाळा आला की उठू शकत होते. आता कसोटीला ताईची पाठ होती.

"सिस्टर, तिच्यासाठी दुसरी एखादी भारीतली गादी आणू का? मी करतो काहीतरी."

"का? तुमच्या गादीवर तुमचाच भरवसा नाही?"

"आहे हो. पण ती माझी ताई आहे."

"मग तीच राहू दे. आम्ही वळवतोय त्यांना वेळच्या वेळी. तुम्ही घोर लावून घेऊ नका."

घोर लागायचा तो लागलाच. रोज जेवणाच्या सुट्टीत मास्तर डबा तसाच ठेवून ताईच्या पडद्याबाहेर येऊन उभे राहायचे. असा महिना उलटला. त्या दिवशी सिस्टरना आत नेहमीपेक्षा जास्तच वेळ लागला. अखेर पडदा सरला.

"पाठ स्वच्छ आहे," सिस्टर म्हणाल्या. "टाचासुद्धा. कुठे लाली म्हणून नाही."

मास्तरांनी रुमाल काढला आणि खुशाल डोळे पुसले.

"काय रे, रडतोस काय? मी काय मेले की काय?" ताई पलंगावरून म्हणाली. "आणि इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलं बघ. तू इथे नक्की करतोस तरी काय?"

"गाद्या घेतो."

"कुठल्या?"

"ही."

ताईने हात लांब करून गादी चाचपली.

"बरी आहे की," ती म्हणाली. "चांगली आहे. उभा का मग? बस."

रुग्णाच्या गादीवर कुणी बसायचं नाही, असा नियम मास्तरांनीच साहेबांच्या मागे लागून करून घेतला होता. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर पाठ फिरवून औषधाची बाटली पुसू लागल्या होत्या. ताईच्या पायांना धक्का लागला असता तरी तिला कळलं नसतं. पण मास्तर तिच्या टाचा सांभाळत, अगदी बेताने, कडेला टेकले.