अकरा विती आणि पाऊण

गल्लीतले लोक तिला इंचबाई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दातांच्या दवाखान्याखालच्या चिंचोळ्या दुकानात ती तेवीस वर्षं ऑल्टरेशनचं काम करत होती. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाची बाही उतरव, सुटलेल्याची कंबर सोड, वाळलेल्याची आत घे. गिऱ्हाईक उंबरा ओलांडून आत येईपर्यंत तिच्या डोळ्यांनी माप घेऊन झालेलं असे. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. ती मनात 'चौतीस' म्हणे आणि टेपही निमूटपणे चौतीसच दाखवी.

टीव्हीवरच्या 'अचूक' या खेळाचा फॉर्म मात्र तिने भरला नव्हता. तो उद्योग नणंदेचा. नणंद पोस्टात होती. अर्ज भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या खेळात वजन, वेळ, संख्या, लांबी सगळं नुसत्या अंदाजाने सांगायचं असे आणि जिंकणाऱ्याला दोघांसाठी दहा दिवसांची समुद्रसफर मिळे. बोलावणं आलं तशी नणंद बिचकत बिचकत पत्र घेऊन दुकानात आली.

"वहिनी, रागावू नका हं. तुम्हाला न विचारता केलंय."

तिने पत्र वाचलं, मग सोबतची फॉर्मची नक्कल वाचली. "रागावते कशाला? पण वन्सं, माझं वय तीन वर्षांनी कमी लिहिलंय तुम्ही."

"टीव्हीवर तेवढं चालतं हो."

"नाही चालत. माप म्हणजे माप. कळवा त्यांना."

नणंदेने कपाळाला हात लावला, पण कळवलं.

ठरल्या दिवशी सकाळी दोघी स्टुडिओत पोचल्या. स्टुडिओ म्हणजे एक भलंमोठं गोदामच. पुढून सगळं चकचकीत, झगमगीत. मागून बघावं तर प्लायवूड, खिळे आणि पायात येणाऱ्या वायरी. निवेदक चंदेरी कोटात हसत हसत पुढे आला आणि सगळ्या स्पर्धकांशी हात मिळवू लागला. हिच्याशी हात मिळवताच ही म्हणाली, "डावी बाही अर्धा इंच लांब आहे तुमची."

निवेदक खो खो हसला. पण थोड्या वेळाने तो आरशासमोर दोन्ही हात लांब करून उभा असलेला नणंदेने पाहिला.

सहा स्पर्धक होते. पहिल्या फेरीत बटाट्यांच्या पोत्याचं वजन ओळखायचं होतं. त्यात दोघं गळाले. दुसऱ्या फेरीत डोळे मिटून बरोबर एक मिनिट झालं की घंटी वाजवायची होती. ती मनातल्या मनात मशीन चालवत बसली, एकसारख्या टाक्यांची लांबच लांब शिवण, आणि एकोणसाठाव्या सेकंदाला तिने घंटी वाजवली. प्रेक्षकांत नणंद एवढी ओरडली की ध्वनिवाल्याने कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

शेवटच्या फेरीला उरले दोघंच. ही आणि एक सुतारकाका. साठीच्या घरातला, रुंद पंजांचा, कानामागे पेन्सिल नसल्यामुळे पुन्हा पुन्हा कान चाचपणारा माणूस. फेरी होती लांबीची. "घ्या! दोघांचंही घरचंच कार्य की," निवेदक म्हणाला. पाच वस्तू येणार; प्रत्येकाने पाटीवर आकडा लिहायचा; मग टिकल्यांच्या पोशाखातली एक बाई सोनेरी टेपने ती वस्तू मोजणार. ज्याचा आकडा जवळचा, त्याला गुण.

पहिलं आलं टेबल. हिने लिहिलं अठ्ठेचाळीस, काकांनी एकोणपन्नास. टेप म्हणाली सव्वाअठ्ठेचाळीस. गुण हिला. काकांनी भुवया उंचावल्या, तोंड उघडलं आणि मिटलं. मग दोर आला, तो हिने जिंकला. दाराची फळी आली, ती काकांनी जिंकली. दोनास एक.

चौथा होता पडदा. वरून सरसरत खाली आला आणि ही गालातल्या गालात हसली. गेल्या वर्षी एका हॉटेलासाठी तिने असे साठ पडदे शिवले होते. पाटीवर तिने खोडाखोड न करता लिहिलं: चौऱ्याण्णव. काकांनी लिहिलं ब्याण्णव.

टिकल्यांच्या बाईने टेप वरपासून खालपर्यंत खेचून धरली. "साडेब्याण्णव!"

टाळ्या झाल्या. दोनास दोन. निवेदक पाचव्या वस्तूकडे वळला, तेवढ्यात ही म्हणाली, "थांबा. पडदा चौऱ्याण्णवच आहे."

"ताई, टेप तर साडेब्याण्णव म्हणतेय."

"टेप खोटं बोलतेय."

प्रेक्षक हसले. कॅमेऱ्यामागून कुणीतरी "पुढे चला, पुढे चला" असं कुजबुजलं. तिचे कान तापले. तेवीस वर्षांत तिला एवढ्या लोकांनी एका वेळी पाहिलं नव्हतं आणि तिला हसण्याची गोष्ट तर दूरच. पण पाय काही मागे सरेनात. तिचा आकडा चुकलेला नव्हता. मग खाली कशाला बघायचं?

"ही टेप साटिनच्या फितीवर छापलीय," ती शांतपणे म्हणाली. "दिसायला झकास आहे. पण साटिन ओढलं की लांबतं. आकड्यांमधलं अंतर वाढलं की माप कमी भरणारच. रोजच्या खेळात ओढून ओढून सैल पडलीय ती."

"नियमाप्रमाणे स्पर्धकाला वस्तूला हात—"

"हातच लावायचाय. माझी वीत बरोबर आठ इंच आहे. लावू?"

निवेदकाने कॅमेऱ्यांच्या मागे पाहिलं. तिथून काहीच उत्तर आलं नाही, तेव्हा हिने तो होकार धरला. शिडी मागवली, वर चढली आणि अंगठा करंगळी, अंगठा करंगळी करत उतरू लागली. प्रेक्षक आपण होऊन मोजू लागले. नऊ, दहा, अकरा! "आणि वर पाऊण वीत," ती खालच्या काठापाशी उकिडवी बसून म्हणाली. "अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, आणि सहा. चौऱ्याण्णव."

"बाई बरोबर म्हणतायत," सुतारकाका पहिल्यांदाच बोलले. "तुमच्या सेटवाल्यांकडे स्टीलची टेप असेल. ती आणा."

आणली. चौऱ्याण्णव. एका दोऱ्याचाही फरक नाही.

स्टुडिओत जल्लोष झाला. निवेदकाने घाम टिपला आणि झाल्या गोष्टीवर पांघरूण घालायला दोन्ही हात पसरले. "म्हणजे हा गुण ताईंचा! तीनास एक! आणि पाचापैकी तीन म्हणजे आजच्या विजेत्या—"

"थांबा," ती पुन्हा म्हणाली.

"आता काय?" निवेदकाचा आवाज रडवेला झाला.

तिने काकांकडे पाहिलं. काका पाटीवरचा खडू पुसत होते, मान खाली घालून. पाहिजे तर गप्प बसता येत होतं. समुद्र, जहाज, दहा दिवस सगळं हाताशी आलं होतं. पण तोच चुकार इंच टेबलावरही होता आणि ते तिला आता स्वच्छ दिसत होतं.

"टेबल पण याच टेपने मोजलं होतं. तेही परत मोजा."

"वहिनी!" प्रेक्षकांतून नणंदेची किंकाळी आली.

टेबल निघालं एकोणपन्नास. दोर आणि फळीही मोजली. त्यांत निकाल बदलला नाही. म्हणजे टेबलाचा गुण काकांचा, पडद्याचा हिचा. पाऊण तास चित्रीकरण थांबवून, शिडी लावून, सगळा स्टुडिओ उलटापालटा करून पुन्हा दोनास दोन.

"एवढा आटापिटा, आणि गाडी तिथल्या तिथं!" नणंद शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली.

पाचवी वस्तू ढकलत आणली. लोखंडी पिंप, मधोमध फुगलेलं. घेर सांगायचा.

काका जागच्या जागी मान वाकडी करून बघत राहिले. त्यांचा सगळा जन्म सरळ रेषेत गेला होता. हिने पिंपाकडे एकदाच पाहिलं. तिच्या दृष्टीने ते पिंप नव्हतंच. जेवून उठलेला, पट्टा सैल केलेला एक जाडगेला गृहस्थ दारातून आत आला होता आणि लाजत विचारत होता, कंबर थोडी सोडता येईल का हो? तिने लिहिलं चौऱ्याहत्तर. काकांनी एकोणसत्तर.

स्टीलची टेप पिंपाला वळेना, म्हणून सुतळी गुंडाळून ती स्टीलच्या टेपवर धरली. पावणेचौऱ्याहत्तर.

पुढचं तिला धड ऐकू आलं नाही. नणंद कठडा ओलांडून मंचावर आली आणि तिच्या गळ्यात पडली एवढं कळलं.

बाहेर पडताना बोळात सुतारकाका भेटले. हातात डबा होता. "एक विचारू?" ते म्हणाले. "टेबल एकोणपन्नास आहे हे मला ठाऊक होतं. आयुष्यात हजार टेबलं केलीत मी. पण म्हटलं, एवढे मोठे लोक, एवढे दिवे, यांची टेप कशी चुकेल? आपलंच चुकलं असेल. तुम्हाला नाही असं वाटलं?"

"टेबलाच्या वेळी मी खरंच चुकले होते काका. लाकूड माझं नाही. पण पडदा माझा होता."

काका हसले. डबा उघडून त्यांनी दोघींपुढे धरला आणि मग तिघंही तिथल्याच एका खोक्यावर बसून जेवली.

तीन आठवड्यांनी कार्यक्रम लागला. गल्लीतली पंधरा-वीस माणसं नणंदेच्या घरी जमली होती. आणि बघतात तर काय, टेपचं सगळं प्रकरण कापलेलं! शिडी नाही, वीत नाही, वाद नाही. पडदा आला, लगेच पिंप आलं, की ही जिंकली.

"फारच सोपं गेलं की तुम्हाला," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"सोपं?" नणंद ताडकन उठली. "अहो, सोपं काय! बसा खाली, मी सांगते." आणि तिने सांगायला सुरुवात केली. त्यात शिडी दुप्पट उंच झाली, निवेदक चक्क रडला आणि वहिनीने टेपचे ओढून दोन तुकडे केले.

"तुकडे नव्हते केले वन्सं," ती म्हणाली.

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्हाला काही सांगता येत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सुतारकाका होते आणि पोटभर हसत होते. "पाहिलंत का? आपला सगळा भांडणाचा भाग खाल्ला की त्यांनी!"

"पाहिलं," ती म्हणाली. "आमच्याकडे मात्र पूर्ण दाखवताहेत. या ऐकायला."