मिस्त्रींचा हो

डॉक्टरबाईंनी मिस्त्रींच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि उजव्या पोटरीवर टाचणी टेकवली.

"लागलं?"

"नाही."

गुडघा, मांडी, तळवा, उत्तर तेच. परांचीवरून पडून मणक्याला मार बसला त्याला चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून मिस्त्रींना कमरेखालचं काही कळत नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी बाईंनी त्यांच्याच हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी मणक्यातल्या दुखावलेल्या जागी सोडल्या होत्या. "उपयोग होईल की नाही, मलाही ठाऊक नाही," असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. "तेच तर बघायचंय," म्हणत मिस्त्रींनी सही ठोकली होती.

टाचणी डाव्या पोटरीवर आली.

"हो."

कोपऱ्यात बसलेली बायको ताडकन उठली. अकरा वर्षं बाई या एका शब्दासाठी झटत होत्या. त्यांनी घाईघाईनं कागदावर खूण केली.

"बाई, ते खोडा," मिस्त्री म्हणाले. "तुमची बांगडी वाजली. त्या नादात तोंडून गेलं."

"अहो, राहू द्या की एक तरी!" बायको कळवळली.

"भिंत वाकडी निघाली म्हणून ओळंब्याची दोरी सरकवायची का?"

बाईंचे कान तापले. बांगडी वाजलेली त्यांनीही ऐकली होती. त्यांनी खूण खोडली, बांगडी काढून खिशात टाकली आणि स्पिरिटचा बोळा उचलला.

"थांबा हं, टाचणी पुसून घेते."

"पुसा. पण माझ्या डाव्या अंगठ्याला काय केलंत?"

"काहीच नाही. का?"

"गार लागलं."

बाईंनी वाकून पाहिलं. बोळ्यातून ओघळलेला एक थेंब अंगठ्याच्या नखाशी चमकत होता.

त्यांनी तो हलकेच टिपला. मग चकार शब्द न काढता बोळा अंगठ्याच्या वर, न टेकवता, नुसताच धरला. मिस्त्री गप्प. बऱ्याच वेळानं बाईंनी तो पिळला.

"आत्ता," मिस्त्री म्हणाले.

बायकोनं तोंडावर पदर दाबला. बाईंनी पाच वेळा तसंच करून पाहिलं. मिस्त्री एकदाही चुकले नाहीत.

"मिस्त्री," बाई कागद पुढे ओढत म्हणाल्या, "हे त्या पेशींमुळेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही हं."

"मग तसंच लिहा," मिस्त्री म्हणाले. "आणि उजवा अंगठा बघायचा राहिलाय."